जावयाचा पाट

पाटाचा एक कोपरा काही केल्या जमिनीला टेकेना. सिद्धनाथनं डावीकडची पट्टी रंध्यानं घासली, तर उजवीकडचा कोपरा उचलला. उजवीकडची घासली, तर पुन्हा डावीकडचा. घासून घासून पट्ट्या बोटभर उरल्या, आणि पाट आपला डुगडुगतोच आहे! शेवटी त्यानं रंधा बाजूला टाकला आणि कपाळाला हात लावला.

काल सकाळी हाच पाट कसा सपाट होता. पण सिद्धनाथ पडला मेंढका. त्याच्या हाताला लाकूड ठाऊक ते काठीचं. ओली फांदी तोडायची, निखाऱ्यांच्या आरावर शेकून सरळ करायची, तेल चोळायचं, झाली काठी. फळीचंही तसंच असणार, असं धरून त्यानं नुकत्या तोडलेल्या बाभळीची फळी कापून आणली, ओलीच असताना पट्ट्या ठोकल्या, तेल पाजलं आणि वाळायला उन्हात ठेवली. वैशाखातलं सोलापूरचं ऊन ते! एका दिवसात फळी पिळवटली.

"अवं, ऱ्हाऊ द्या की आता," चुलीपुढून उठून आलेली बनाबाई म्हणाली. "तुमी बसला म्हंजी वज्यानं दबंल. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय की," सिद्धनाथ बायकोवर खेकसला.

घरजावयाचं जिणं काय सांगायचं! सासऱ्याची मेंढरं राखायची, सासऱ्याची घोंगडी पाठीवर घेऊन विकायला सोलापूरची नवी पेठ गाठायची, आणि जेवायला बसायचं भुईवर. या घरात पाट एकच, तो सासऱ्याचा, गुंडामामाचा. पाहुणा आला की शेजारच्या चनमल्लप्पाकडून दुसरा मागून आणायचा. सिद्धनाथला पाट द्यावा, हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेच त्याला झोंबायचं.

आता धोंड्याचा महिना लागला होता. या महिन्यात जावयाला देवासारखं पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे. धाकटा जावई महिपती दुधनीहून यायचा होता. त्याच्या शेजारी एकदा आपणही पाटावर बसायचं, एवढंच सिद्धनाथला हवं होतं. आपणही या घरचे जावईच ना? आणि थोरले! मागून मिळत नाही, तर आपल्या हातानं करून घेऊ.

गुंडामामानं येता-जाता सगळं बघितलं होतं. "ब्येस केलंस," म्हणाला होता. "औंदा पाट लागनारच हाय." ते ऐकून सिद्धनाथ किती हरखला होता!

दुपारी महिपती आला. नवं धोतर, नवा फेटा. बनाबाईनं सोप्यात तीन पानं मांडली आणि बापाला विचारलं, "चनमल्लप्पाकडचा पाट आनू का, दादा?"

"कशाला आता?" गुंडामामा म्हणाला. "घरचा झालाय की." त्यानं सिद्धनाथचा पाट ओढून आपल्या पाटाशेजारी मांडला. "या जावईबापू, बसा."

सिद्धनाथ हातपाय धुऊन दारात उभा होता. तो तिथंच थबकला.

महिपती बसला तसा पाट एका अंगाला कलला. तो दचकून उठला. "हालतोय की वो, मामा."

पाहुण्यापुढं गुंडामामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सिद्धा, उगा हुबा का? ह्यो कोपरा धर जरा. जावईबापूंच्या पानात सांडाय नगं."

सिद्धनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तो पुढं झाला, उकिडवा बसला आणि उचललेल्या कोपऱ्याखाली त्यानं तळहात घातला. महिपती पुन्हा बसला. पाट हलला नाही.

बनाबाईनं धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. महिपतीला घास घेववेना. "साडू, असं काय? तुमी बी बसा की संगं. तुमचं पान मांडलंय."

"बसंल की मागनं," गुंडामामा घास चावत म्हणाला. "त्यो काय पावना हाय? घरचाच हाय. तुमी जेवा."

महिपती मान खाली घालून जेवू लागला. धोंडे ऊन होते, तूप पानभर पसरलं होतं. सिद्धनाथच्या बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्यांदा वाढायला आलेली बनाबाई नवऱ्याजवळ वाकली. तिचे डोळे भरले होते.

"काढा त्यो हात," ती दातओठ खात पुटपुटली. "पडंना का त्यो पानात!"

"येडी का काय?" सिद्धनाथ तितक्याच हळू म्हणाला. "हात काढला तर हालंल. मग म्हनतील, सिद्धाला साधा पाट बी करता येत न्हाय."

आणि त्यानं तळहात आणखी आत सरकवला.