पाळीचं पाणी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मुहन्ना बिन नासिरच्या बागेतली बारा वर्षांची खजुरी कोसळली. वारा नव्हता. शेंडा हिरवागार होता आणि पिवळ्या पडू लागलेल्या खजुरांचे सात घड त्यावर तसेच होते. खोड कमरेएवढ्या उंचीवर मोडलं होतं. आत लाकूड उरलंच नव्हतं. होता तो आंबूस वासाचा भुसा, आणि त्यात अंगठ्याएवढ्या अळ्या वळवळत होत्या.

सात वाजेपर्यंत निम्मं गाव जमलं. मुहन्ना गावाचा अरीफ. डोंगरातून येणाऱ्या फलजाच्या, म्हणजे गावाच्या पाटाच्या, पाण्याच्या पाळ्या तोच लावतो. तीस वर्षांत त्याने कुणाला मिनिटभर पाणी जास्त दिलं नाही की कमी दिलं नाही. त्याने शेजारच्या बागेकडे बोट केलं.

"तिथून आलेत."

शेजारची बाग जुवैनाची. नवरा गेल्यापासून तिचं घर नऊ खजुरींवर चालतं. ती बांधावर उभी होती.

आठ वाजता शेतकी कार्यालयातली राया आली. मुहन्नाने तिला सावलीत बसवलं, कहवा दिला आणि मागणी सांगितली. कीड जुवैनाच्या बागेतून पसरते आहे. तिच्या नऊच्या नऊ खजुरी तोडून आजच जाळाव्यात.

"मुली, दोन्हीकडच्या बादल्या बघ. मग मला काही सांगावंच लागणार नाही."

बादल्या म्हणजे कामगंध सापळे. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक बागेला एकेक मिळाला होता. झाकणाखाली सोंड्या भुंग्याच्या, म्हणजे या अळ्या ज्याच्या त्या किड्याच्या, नराच्या वासाची पुडी, तळाशी पाणी आणि चार खजूर. त्या वासाला नरही येतात, माद्याही येतात, आणि पाण्यात बुडून मरतात.

रायाने जुवैनाची बादली उपडी केली. काळपट पाण्याबरोबर त्रेपन्न लाल भुंगे बाहेर पडले. मुहन्नाच्या बादलीत एकही नव्हता.

"बघितलंस? हिच्याकडे वऱ्हाडच्या वऱ्हाड उतरलंय. माझी बादली कायम अशी स्वच्छ."

"तुमच्याकडे यायला भुंगेसुद्धा घाबरतात, अरीफसाहेब," जुवैना म्हणाली. "पाळी कुणाची म्हणून विचाराल त्यांना."

लोक हसले. राया हसली नाही. तिने मुहन्नाच्या बादलीत हात घातला आणि तळावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

"काका, यात पाणी कधी घालता?"

"माझ्या पाळीला. दर नवव्या दिवशी. पिण्याचं पाणी कुणीही केव्हाही न्यावं. बागेचं पाणी फक्त पाळीत. बादली बागेची."

"या उन्हात ते टिकतं किती?"

"दोन दिवस. फार तर तीन. मग मेलेले दोन-चार काढून आम्ही सगळे बादली पुसून ठेवतो."

"आणि वासाची पुडी?"

"ती बरोबर तारखेला बदलतो. एक दिवस इकडे तिकडे होत नाही."

राया जुवैनाकडे वळली. "मावशी, तुमची पाळी कधी झाली?"

"पाच दिवस झाले."

"मग हे पाणी?"

जुवैनाने मुहन्नाकडे बघितलं. पाणी चोरलं तर पुढची पाळी बंद होते. घड भरायच्या दिवसांत पाळी बंद, म्हणजे वर्ष गेलं.

"पिण्याच्या हंड्यातलं," ती म्हणाली. "रोज तांब्याभर ओतते. भुंगे पितात आणि मरतात. म्हणजे पिण्याचंच झालं ना?"

"ऐकलंत?" मुहन्ना लोकांकडे वळून म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने सांगतेय."

"काका, ऐका जरा," राया म्हणाली. "पाणी तीन दिवसांत आटतं, वास रोज बोलावतो. उरलेले सहा दिवस ते येतच राहतात. अख्ख्या वाडीतून येतात. कोरड्या बादलीत जमतात, तिथेच त्यांचं जमतं, आणि आले तसे बाहेर पडतात. मग मादी अंडी घालायला झाडाची ओली जखम शोधते."

पडलेल्या खोडाच्या बुंध्याशी तीन मोठे वण होते. पुतण्याच्या लग्नात भेट द्यायला मुहन्नाने गेल्या वर्षी तिथूनच तीन फुटवे काढले होते.

रायाने दोन्ही बागांतल्या एकेका खोडाला कान लावला. आत अळ्या असल्या की कुरतडण्याचा आवाज येतो. आवाज आला त्या झाडाला ती लाल फीत बांधत गेली. मुहन्नाच्या उभ्या चौदा खजुरींपैकी नऊ झाडांना फिती लागल्या. जुवैनाच्या दोन झाडांना. दोन्ही मुहन्नाच्या बांधालगतची.

"ही दोन गेल्या वर्षापासून चांगली धरायला लागली होती," जुवैना म्हणाली. मग बांधावर खाली बसली.

मुहन्ना रिकामी बादली हातात घेऊन उभा होता. "आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"बादलीबरोबर कागद दिला होता, काका. पाणी आटू देऊ नका, असं पहिल्याच ओळीत होतं."

"कागद मीच वाचून दाखवला, मशिदीसमोर. सगळ्यांना."

"मग?"

"मग सांगितलं, पाणी घाला, पण पाळीतच. जो मोडेल त्याची पाळी बंद."

रायाने वही मिटली. "अशा बादल्या गावात किती?"

"या दोन सोडून एकवीस."

साडेदहाला मुहन्ना स्वतः तिला घेऊन निघाला. लोकांनी बागांची दारं उघडली आणि आपापली बादली हौसेने पुढे केली. संध्याकाळी पाचपर्यंत, पाळी होऊन तीन दिवस उलटलेल्या सोळा बादल्या बघून झाल्या.

सोळाही कोरड्या आणि स्वच्छ होत्या.