डावीकडची फाट

"जुनं इथंच राहू दे, बदल्यात हे घेऊन जा," म्हणत भाऊराव सरांनी नवं धनुष्य तिसऱ्यांदा रेणुकापुढे सरकवलं. "वजनाले हलकं आहे, खेच कमी-जास्त करता येते. तुह्या हाताले बरोबर बसते."

रेणुकाने त्याला बोटही लावलं नाही. तिचं स्वतःचं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य काउंटरवर आडवं पडलं होतं. चौदा वर्षं तिच्या दुसरबीडच्या घरात ते खुंटीला टांगलेलं होतं. लाल रंग उडाला होता, दोरीचे तंतू सुटले होते.

"मले हेच पाह्यजे, सर. दोरी बदला अन् नीट बसवून द्या."

"याचे दिवस गेले आता."

"जालन्याले पण दोरी बदलून भेटली असती. पण माहा हात तुमच्याशिवाय कोणाले माहीत हाये?"

सरांनी नवं धनुष्य मागे घेतलं. चिखलीतलं हे दुकान त्यांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर टाकलं होतं. गिऱ्हाईक आलं की आधी बाण किती जाड, किती लांब यावर प्रवचन, आणि मग भिंतीवरच्या फोटोतल्या मंजुश्रीवर अर्धा तास, असा त्यांचा शिरस्ता. मंजुश्री म्हणजे त्यांची मुलगी. राज्याच्या संघाचा निळा कोट घालून ती फोटोत हसत होती.

"मंजू कशी हाये?"

"बरी हाये. नागपूरले असते." आज एवढ्यावरच आटोपलं.

"माह्या जागी ती गेली ते बरंच झालं. तिचं तरी नीट लागलं." रेणुकाच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. शाळेमागच्या मैदानावर दोघी चार वर्षं सरांच्या हाताखाली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या. कडब्याच्या पेंढ्यांना बारदान गुंडाळून केलेलं लक्ष्य, हुकलेला बाण कापणीनंतर उरलेल्या ज्वारीच्या फणांतून शोधताना सोलपटलेल्या पोटऱ्या, बाण हरवला की सगळ्यांसमोर गाणं म्हणायची शिक्षा! रेणुका मुद्दाम हरवते असा मंजुश्रीचा आरोप असायचा, कारण रेणुकाचा गळा गोड होता. ते दिवस आठवले की रेणुकाला अजून भरून यायचं. तिने ते लपवलंही नाही; पदराने डोळे पुसले आणि पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला.

सरांनी तो लांबूनच ओळखला. सहा फुटांवर चौकटीत कागद लावायचा आणि त्यातून बाण सोडायचा. बाण सरळ गेला तर भोक गोल पडतं, तिरका गेला तर कागद फाटतो. त्यावर निकाल लिहून, तारीख घालून कागद ज्याचा त्याला द्यायची सरांची पद्धत होती. चौदा वर्षांपूर्वी, निवडीच्या दिवशी काढलेल्या या कागदावरची फाट डावीकडे बोटभर लांब गेली होती. खाली सरांचं वळणदार अक्षर होतं: 'हात वाकडा. धनुष्य ठीक.'

"राज्याच्या निवडीच्या आधी महिनाभर गोल भोक पडून राह्यलं होतं, सर. त्याच दिवशी हात काऊन फिरला, मले अजून समजलं नाही. नंतर दोन महिने पहाटे उठून हात सरळ कराले पाह्यला. नाही झाला. मंग सोडलं."

"आता कशाले काढलं मंग?"

"आमच्या गावच्या शाळेत पोरींचा तिरंदाजीचा वर्ग काढाचा म्हणतात. बावीस नावं आली. मी शिकवावं म्हणतात. वाकड्या हातानं काय शिकवू? आजही डावीकडं फाटलं तर हे तुमच्यापाशी ठेवते अन् शाळेले नाही म्हणून कळवते."

सर घोटभर पाणी प्यायले. "आत जा. काकू वाट पाहून राह्यली. जेवून घे, मले तासभर लागते."

ती आत गेली. सरांच्या पत्नी सिंधूताईंचा आणि तिचा हसण्याचा आवाज बाहेर येऊ लागला. सरांनी धनुष्य शिकंज्यात चढवलं, दोरी उतरवली, वरच्या चाकाचा आस काढला. आसावरच्या दोन छोट्या चकत्या तळहातावर घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. मग कामाला लागले.

ती परत आली तेव्हा नवी दोरी चढली होती. सरांनी तिला दोन्ही हात पसरायला लावून माप घेतलं, पेच दोन फेऱ्या ढिले करून खेच उतरवली आणि चौकटीत कोरा कागद लावला.

रेणुकाने दोरी ओढली. बाण सुटला.

कागदावर गोल भोक होतं, भोवती तीन पिसांच्या तीन बारीक चिरा. दुसरा बाणही तसाच गेला. तिसरा तर पहिल्याच भोकाची कड घासून गेला.

ती कागदाजवळ धावली. "सर, सुधरला हात!"

"हात वाकडा नव्हताच, बाई," सर तिच्याकडे न पाहता म्हणाले. "वरच्या चाकाच्या चकत्या उलट्या होत्या. इकडची जाड तिकडं, तिकडची बारीक इकडं. चाक सरकलं होतं. कोणीही सोडला असता तरी बाण तसाच गेला असता."

रेणुकाने काउंटरवरचा जुना कागद उचलून पुन्हा वाचला.

"तवा तुम्ही उघडून पाह्यलं नव्हतं?"

"नाही पाह्यलं. चुकलो मी."

"चौदा वर्षं, सर." ती रडली, अगदी पोटातून रडली. मग तोंड धुऊन आली, वाकून सरांच्या पाया पडली. "जाऊ द्या. माणूसच हाये, चुकते. तुम्ही कबूल तरी केलं. दुसरा असता तर झाकून नेलं असतं."

धनुष्य खांद्याला अडकवून ती एस.टी. स्टँडकडे निघाली. कोपऱ्यावरून तिने वळून हात हलवला, सरांनीही हलवला.

चूक झाली नव्हती. निवडीच्या आदल्या संध्याकाळी, जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार असं कळल्यावर, मंजुश्रीला बाण पुसायला अंगणात बसवून, भाऊराव सरांनी त्या चकत्या स्वतःच्या हाताने उलट्या घातल्या होत्या.