अकराशे सोळा पुस्तकं आणि एक फट

“ठेव म्हटलं ना ती पुस्तकं!” तोफ ओरडली.

मुंगीनं कान दाबले, डोळे मिटले. मग तोफेनं रांगेत उभी केलेली सहा पुस्तकं तिनं एकेक करून उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. तिसऱ्यांदा. रांगेच्या मधोमध ती फट पुन्हा उघडी पडली. चांगली दोन हातांची.

तोफ म्हणजे सातवीची पुढारी. तिनं वर्गात “हजर” म्हटलं, की पलीकडच्या शाळेत तिची हजेरी लागायची. आणि मुंगी म्हणजे वर्गात नवी आलेली मुलगी. खडू, डबे, चपला, हाताला लागेल ते ओळीत लावायची, म्हणून पोरांनी चिडवायला हे नाव ठेवलं. तिला मुंग्या फार आवडायच्या. चिडवणं फुकट गेलं.

पण आज ओरडण्यासारखंच होतं! वर्षातून एकदा ग्रंथालयातली पुस्तकं मोजायला बाहेर निघत, आणि त्या दिवशी सातवीचा एक हक्क असे. मोजलेली पुस्तकं ग्रंथालयाच्या दारापासून थेट घंटेपर्यंत उभी करायची. पहिल्याला धक्का द्यायचा. त्यानं दुसऱ्याला पाडायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटी स्टुलावरचा शब्दकोश खाली कोसळायचा, आणि त्याला बांधलेल्या दोरीनं घंटा वाजायची. वाजली, की शाळा सुटली! भर बारा वाजता! नऊ वर्षांत ती एकदाही वाजली नव्हती. एकदा मांजर आडवं गेलं, एकदा कुणी शिंकलं, आणि एकदा तर खुद्द मुख्याध्यापक “शाबास!” म्हणत पाय आपटून गेले.

यंदा अकराशे सोळा पुस्तकं बाहेर निघाली होती. बाराला सात मिनिटं कमी. बाराच्या पुढे डाव रद्द. मुख्याध्यापक घड्याळ घेऊन उभे होते, पाय अगदी जुळवून.

सकाळी ग्रंथपाल बाईंनी विचारलं होतं, “किती जण आहात गं?”

“एकोणचाळीस,” तोफ म्हणाली होती. “मुंगीला सोडून.”

“तिला का सोडून?”

“बाई, ती बोलत नाही, बघत नाही. नुसता हात लागला तरी किंचाळते.”

“ऑटिस्टिक आहे ती. तिला सगळंच मोठ्यानं ऐकू येतं. तुझा आवाज मला सोसत नाही, तिचं काय होत असेल? आणि बोलायला तिला वेळ लागतो. तिला काही हवं असेल तर विचार, आणि थांब.”

तोफेनं मान डोलावली. कानात काही शिरलं नाही, कारण एकोणचाळीस जणांची रांग तेवढ्यात धडाधड कोसळली. मग दुसऱ्यांदा कोसळली. तिसऱ्या वेळी मुंगी आपणहून पुढे आली. दोन पुस्तकांत बरोबर चार बोटांचं अंतर ठेवत ती लावत सुटली, आणि एकोणचाळीस जण तिला पुस्तकं पुरवत धावले. मध्येच तिनं उकिडव्या बसलेल्या तोफेच्या पाठीपासून पुढे केलेल्या बोटांपर्यंत हवेतच चार-चार बोटं मोजली होती.

“काय गं, मला झबलं शिवतेस का?” तोफ म्हणाली होती, आणि सगळे खदखदून हसले होते.

“पाच मिनिटं,” मुख्याध्यापक म्हणाले.

“बाई, बाहेर काढा ना तिला! फट राहिली तर सगळं वाया!” पोरं कालवा करू लागली. मुंगी पुढेमागे डुलायला लागली. तिची कोपरं अगदी पुस्तकांना टेकायच्या बेतात होती.

तोफेनं तिच्याकडे पाहिलं. बाईंचं सकाळचं बोलणं आत्ता कुठे तिच्या कानात शिरलं. मग वर्गाकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुजबुजायला गेली. पहिला प्रयत्न फसला. दुसरा जमला.

“मुंगे, इथं काय ठेवायचंय?”

आणि ती थांबली.

एक मिनिट गेलं. एवढं लांब मिनिट त्या शाळेत कधी झालं नव्हतं. तेवढ्यात दोघांची नखं संपली, आणि एकाच्या मते त्याला मिशी फुटली.

मुंगीनं तोफेच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिच्या बुटांकडे पाहिलं.

“तू,” ती म्हणाली.

कुणाला हात न लावणाऱ्या मुंगीनं तोफेची बाही धरली, तिला फटीत उकिडवं बसवलं, तिचे हात पुढे करवले आणि चार बोटं मागे सरकवलं. आता पाठीमागच्या पुस्तकापासून ती चार बोटांवर होती, आणि पुढचं पुस्तक तिच्या बोटांपासून चार बोटांवर.

“दोन मिनिटं!”

मुंगी धावत दाराशी गेली. पहिल्या पुस्तकाला तिनं एका बोटानं ढकललं, आणि लगेच कान दाबले.

टप टप टप टप! रांग पळत सुटली. कोपरा वळली. जिना उतरली. तोफेच्या पाठीत इतिहास येऊन आदळला, तशी ती पुढे झुकली आणि तिनं भूगोल ढकलला. टप टप टप! शब्दकोश डगमगला, विचारात पडला, आणि कोसळला.

घण्ण!

चाळीस पोरं हवेत उडाली. आरडाओरडा मात्र एकाचाही नाही. सगळे मुंगीच्या कानांवरच्या हातांकडे बघत, तोंड वासून, मुकाट्यानं नाचत होते. मुख्याध्यापकही नाचले, चवड्यांवर.

पुस्तकं उचलताना बाईंनी वही उघडली. “मुंगे, तू लावलीस, तूच सांग. किती झाली?”

सगळा वर्ग थांबला. दप्तरं खांद्यावर, शाळा सुटलेली, तरी थांबला.

“अकराशे सतरा,” मुंगी म्हणाली.

“सोळा गं. माझ्याकडे सोळाच आहेत.”

वर्ग पुन्हा थांबला.

“तोफेला धरून,” मुंगी म्हणाली.