चार नंबरच्या बेडचा अपवाद

“आज ते दार लावून टाकूया, जांदिरा,” दिर्सेउ म्हणाला.

“उद्या.”

“तुझा उद्या फार लांबला, पोरी.”

त्याने उकडलेल्या पिन्यांवच्या, म्हणजे पाइनच्या, बियांची पिशवी तिच्यापुढे सरकवली. क्युरितिबा शहराच्या थंडीत रुग्णालयाच्या तळघरातली सर्व्हरची खोली तेवढी उबदार असायची. जांदिराने एक बी सोलली आणि न खाता बशीत ठेवली.

दोघं मिळून तिथले सर्व्हर सांभाळत. नवा नियम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार गाभ्यात बसवलेला होता आणि तो जांदिरानेच लिहिला होता. नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पॅकेटवर सुरक्षेचं लेबल हवं, म्हणजे ते कुणाचं हे कळतं. लेबल नसेल तर पॅकेट तिथल्या तिथे टाकून द्यायचं.

अपवाद एकच. चार नंबरच्या बेडचा मॉनिटर इतका जुना होता, की लेबल लावणं त्याला ठाऊकच नव्हतं. बाबांना त्या बेडवर आणलं त्या संध्याकाळी तिने नियमाला ही फट ठेवली: त्या वायरीवरून जे येईल ते बेड चारचं समजायचं आणि नर्सच्या पडद्यापर्यंत जाऊ द्यायचं.

तेव्हापासून ती सकाळी आल्या आल्या पडद्यावर बेड चारची रेघ बघायची. नाव नाही, गाव नाही, नुसते ठोके. ते दिसले की मग अंगातला कोट काढायची.

“उद्या कुणी त्या वायरीला लॅपटॉप लावला, तर तोही बेड चार होऊन आत शिरेल,” दिर्सेउ म्हणाला. “हे मी तुला सांगायचं? तूच मला शिकवलंस.”

“मशीन बदलेपर्यंत थांबा. आत्ता दार लावलं तर वर नर्सला काहीच दिसणार नाही. मध्येच काही झालं तर?”

“नवं मशीन आलंय. सकाळीच वर पाठवलं.”

तिने पडद्यावरची ती रेघ मोठी केली.

“वर गेली नाहीस ना इतक्यात?” त्याने विचारलं.

“जाते की.”

“कुठली जातेस. लिफ्टपर्यंत जातेस आणि कॉफी घेऊन परत येतेस. मी काय आंधळा आहे?”

“तिथली कॉफी चांगली असते.”

“कपडे धुतलेलं पाणी असतं ते.”

तिला हसू येता येता राहिलं. फोनवर भावाचा निरोप येऊन पडला होता: बाबांचं कपाट रिकामं केलं, त्यांचा चष्मा कुठे ठेवू? तिने लिहिलं, राहू दे तुझ्याकडेच.

“मी जाऊन जोडू का?” दिर्सेउने हळूच विचारलं.

“नको. मीच जाते.”

तिसऱ्या मजल्यावर नर्स क्लेउसाने जुन्या मॉनिटरच्या वायरी सोडवून नव्याच्या लावल्या. बेडवरच्या पेशंटने भिंतीकडे तोंड करून कानापर्यंत पांघरूण ओढलं होतं. पांढऱ्या केसांची एक बट तेवढी बाहेर.

“बरं झालं आलात,” क्लेउसा म्हणाली. “या जुन्या डब्याने जीव नकोसा केला होता.” तेवढ्यात पलीकडची घंटी वाजली आणि ती तिकडे गेली.

जांदिराने नेटवर्कची वायर जोडली. पांघरुणाबाहेर आलेलं पाऊल गार होतं, ते झाकलं. मग दिर्सेउला फोन लावला.

“बसवलं. पेशंटचं नाव भरलं की लेबल लागेल. मग लावा दार.”

“सावकाश भर,” तो म्हणाला. “मी बसलोय.”

नवा पडदा नावासाठी थांबला होता. तिने सवयीने बाबांचं नाव भरलं. मग एकेक अक्षर पुसलं आणि बेडकडे वाकली.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुमचं नाव काय?”