मिटलेली मूठ

"ताई, त्याचा एक हात माझ्याकडे द्या," केंद्रातला मदतनीस म्हणाला.

आईनं मुलाचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट धरले होते. मुलगा अठरा वर्षांचा, तिच्याहून वीतभर उंच. जन्मापासून त्याला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. जग म्हणून जे काही त्याच्यापर्यंत पोचलं, ते आईच्या बोटांतून.

"बाळाला अनोळखी हात चालत नाही."

"बाळाला मिशा फुटल्यात की!" मदतनीस हसला. "माझ्यापेक्षा दाट."

शेजारी बसलेल्या शाळेतल्या बाई हसल्या नाहीत. अठराच्या पुढे शाळेत ठेवून घेत नाहीत, म्हणून बाईच मायलेकरांना अशाच मोठ्या माणसांच्या या केंद्रात घेऊन आल्या होत्या. आजचा दिवस पारखणीचा होता. संध्याकाळपर्यंत त्यानं आईवाचून राहायचं आणि इथल्या एका तरी माणसाला त्याचं म्हणणं कळायचं. जमलं तर उद्यापासून रोज. नाही जमलं तर घर, खाट, आणि थकत चाललेली आई.

मदतनिसानं बाईंकडून चार खुणा शिकून घेतल्या होत्या. त्यानं हलकेच मुलाच्या गळ्यावरून बोट खाली ओढलं. पाणी हवं?

"तहान नाही त्याला," आई म्हणाली. "आत्ताच प्यायलाय."

त्यानं मुलाच्या खांद्यावर हात दाबला. दमलास?

"नाही दमला."

"ताई, मी त्याला विचारतोय."

"मग मी त्याचंच सांगतेय ना!"

"त्याचंच सांगता हो," बाई हळूच म्हणाल्या. "पण त्यानं सांगायचं म्हटलं, तर हात कुठे मोकळा आहे त्याचा?"

आईनं खाली पाहिलं. आपल्याच बोटांकडे ती बघत राहिली, जणू दुसऱ्या कुणाची आहेत. मग तिनं त्याचा एक हात सोडला. एकेक बोट करत सोडला.

तो हात थोडा वेळ हवेतच राहिला. मदतनिसानं तो पकडला नाही. आपला पंजा टेबलावर उताणा ठेवला. मुलाच्या बोटांना टेबलाची कड लागली, मग लाकूड, मग ऊब. बोटं थबकली. पुन्हा निघाली. नखं, पेरं, तळव्यावरचे घट्टे, असं करत करत करंगळीपाशी आली. ती करंगळी कधीतरी मोडून वाकडीच जुळली होती. मुलानं तिच्याभोवती बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्याच्या घशातून पारव्यासारखं घुमलं. ते त्याचं हसणं होतं.

तो वळला. आईचा हात ओढून घेऊन त्यानं तिच्या करंगळीत आपली करंगळी अडकवली आणि जराशी पिळली.

"हे काय म्हणतोय?" मदतनिसानं विचारलं.

आईनं मान हलवली. "ठाऊक नाही. ही खूण माझी नाही."

बाकी सगळ्या तिच्याच होत्या. पाणी, ऊन, दुखतंय, नको. माणसांची नावंही तिनंच दिलेली. मनगटाभोवती दोन बोटं म्हणजे घड्याळवाल्या बाई, नाकाखाली चिमूट म्हणजे बाबा, गालावर तळवा म्हणजे ती स्वतः. तिनं दिलेलं तो तिला परत देत आला होता. त्यापलीकडे त्याच्याकडे काही असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

त्यानं पुन्हा तीच खूण केली. मग आईची करंगळी ओढत नेऊन मदतनिसाच्या करंगळीला टेकवली.

"अहो," बाईंचा आवाज एकदम खाली आला, "ते नाव आहे. यांचं नाव पाडलंय त्यानं."

मदतनीस आपल्या करंगळीकडे बघत होता. "लहानपणी दारात चेंगरली होती," तो पुटपुटला. "चारचौघांत झाकतच आलो हिला."

इतकी वर्षं आई विहिरीत घागरी ओतत होती. विहिरीला आपला झरा होता.

आईची निघायची वेळ झाली. एकच खूण उरली होती. तो पाळण्यात होता तेव्हापासून, उठून जाताना ती त्याच्या तळहातावर दोनदा टिचकी मारायची आणि त्याची बोटं मिटवायची. जाते, परत येते. ती येईपर्यंत तो मूठ उघडत नसे. घास भरवला तर खाई, पण मूठ मिटलेलीच. उघडायची ती तिनंच.

आज तिचं बोट उचलेना. थेट संध्याकाळपर्यंतसाठी तिनं ही खूण कधी केली नव्हती; शाळेतही ती वर्गाबाहेर बसून असायची.

मुलानं तिच्या खांद्याला लावलेली पर्स चाचपली. तिचा उजवा हात हातात घेतला, उताणा केला. तळहातावर दोनदा टिचकी मारली. मग तिची बोटं मिटवली, एकेक करून, शेवटी वरून अंगठा.

मग तो उठला. चाचपत ती वाकडी करंगळी शोधली, धरली, आणि मदतनिसाच्या मागोमाग बाहेरच्या व्हरांड्यातून चालता झाला.

फाटकापाशी पहारेकऱ्यानं पाहुण्यांचा बिल्ला परत मागितला. आई डाव्या हातानं गळ्यातली दोरी काढू लागली. दोरी केसांत गुंतली, पर्स घसरली.

"अहो मावशी, दोन्ही हातांनी काढा की!"

"थांब रे बाबा," ती म्हणाली. "उजवा रिकामा नाही."