वीर पाण्यात हाय

“आबांचा वीर एकदा का पाण्यात उतरला, की बैठकीतनं कुनी उठत न्हाय. काय आणायचं-न्यायचं आसंल ते आधी उरकून घे,” असं सारजाबाईंनी सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत बजावलं होतं. सुप्रिया हसली होती. बारामतीच्या कॉलेजात बी.ए. झालेली पोरगी. “आणि तेवढ्यात वीरालाच शिंक आली तर?” असं विचारून तिनं सासूलाही हसवलं होतं.

आज ती कऱ्हाटीच्या देवळापुढं, त्याच बैठकीच्या कडेला उभी होती आणि तिच्या खांद्यावर तान्ही वैष्णवी होती. सकाळपासून पोरीला जुलाब. साखरमिठाचं पाणी चमच्यानं पाजलं, तर तेही उलटून पडत होतं. दुपारपर्यंत रडत तरी होती. रडणं थांबलं तेव्हा सगळे म्हणाले, बरं वाटतंय आता. सुप्रियानं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच घडी पडून राहिली. टाळू आत गेली होती.

बैठकीत तिचे सासरे सोनबा आबा धनगरी ओवी सांगत होते. त्यांचा मेंढका वीर भीमेच्या पुरात छातीभर पाण्यात देवाची वाट बघत उभा होता. पैल इंदापूरच्या माळावर हिरवा चारा, ऐल काठावर त्याची बायको, तिच्या कडेवर लेकरू. मागं सुराची झील धरणाऱ्यांत सुप्रियाचा नवरा अविराज बसला होता. एक हात कानावर, डोळे मिटलेले. देवळाबाहेर लावलेल्या लुनाची किल्ली त्याच्या खिशात.

“अहो, उठा. पोरगी पार सुकली.”

अविराजनं डोळे उघडले. एकदा लेकीकडं बघितलं, एकदा बापाकडं. “देव येतोयच आता. जरा थांब.”

“तुम्ही बसा. किल्ली द्या.”

“वैनी, वीर पाण्यात हाय,” शेजारी बसलेला दादासो दबक्या आवाजात म्हणाला. “आत्ता कुनी उठलं तर बुडंल त्यो. कळपाला बाधा हुईल.” आणि चिमूटभर भंडारा घेऊन त्यानं वैष्णवीच्या कपाळाला फासला. “ह्ये बघा. आता कायबी हुत न्हाय तिला.”

पिवळ्या कपाळाखाली पोरीचे डोळे अर्धेच मिटलेले.

सोनबा आज भलतेच रंगात होते. एकेक मेंढरू नाव घेऊन पाण्यात उतरवत होते. मग भोवरा आला. मग सुसर आली. “वा आबा!” असं कुणीतरी ओरडलं, तशी आबांनी गेलेली सुसर पुन्हा माघारी बोलावली. देव अजून डोंगरावर झोपलेलाच. त्याला जाग यायची होती, घोंगडं झटकायचं होतं, घोड्यावर खोगीर चढवायचं होतं. सुप्रियाला ओवी पाठ होती. आबा अशा रंगात असले, की देव यायला दिवे लागायचे.

ती चपलांसकट बैठकीत शिरली आणि ढोलावर पंजा दाबून धरला.

ओवी तिथंच तुटली.

“सूनबाई,” सोनबा म्हणाले, “वीर पाण्यात हाय.”

“राहू द्या. त्याच्यासाठी देव निघणार, तुम्हीच सांगता. काठावरच्या बाईकडं कोण येतं, आबा? तिच्या लेकराचं काय झालं पुढं?”

सोनबांनी तोंड उघडलं. पैलतीर गाठल्यावर वीराला देवानं काय दिलं, त्याचं ठाणं कुठं झालं, सगळं त्यांना येत होतं. काठावरचं त्यांच्या बापानंही कधी सांगितलं नव्हतं.

“ती... आसंल की तितंच.”

“तितंच!” सुप्रिया वळली. सगळ्या गावादेखत तिनं नवऱ्याच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून घेतली. अविराज उठला नाही.

उठल्या त्या बायकांमधून सारजाबाई.

“म्हातारे, खाली बस! वीर पाण्यात हाय!” सोनबा ओरडले.

“पवंल की त्यो. तान्हा थोडाच हाय, घोडा झालाय आता,” सारजाबाई मागं न बघता म्हणाल्या. दुधाचे कॅन उतरवून त्या लुनाच्या मागच्या बाजूला चढल्या आणि नातीला पदरात घेतलं.

कॉलेजात असताना सुप्रिया मैत्रिणीची लुना चालवायची, तेवढीच. उसाच्या ट्रॅक्टरांना वळसे घालत तिनं बारामती गाठली. वाटभर पाठीमागून सारजाबाईंचा एकच धोशा: “हलतीय गं. चल तू. हलतीय.”

दवाखान्यात हाताला शीर सापडेना. शेवटी जावळ भादरून डोक्याच्या शिरेला सुई लावली. दिवेलागणीला, कडुसं पडता पडता पोरीनं भोकाड पसरलं, आणि तेव्हा कुठं सुप्रियानं मुठीतली किल्ली खाली ठेवली.

अविराज मागाहून एस.टी.नं आला. दारातच उभा राहून म्हणाला, “देवानं राखली.”

“देव भीमेत होता,” ती म्हणाली. “तुम्हीही तिकडंच होता.”

सारजाबाई नातीचा तळपाय मुठीत धरून बसल्या होत्या. “जलमभर आयकली ती ओवी,” त्या आपल्याशीच बोलल्या. “पन काठाकडं कधी बघितलंच न्हाय गं.”

ढोल म्हणे पुन्हा वाजला. देवही आला, वीर पार झाला. त्याची काळजी नको. पण तुम्ही कधी त्या बैठकीला बसलात, तर सगळे पाण्याकडं बघत असताना तेवढं उठा. ऐल काठाला जा. ती बाई अजून तिथंच उभी असेल. तिच्या कडेवरचं लेकरू हलतंय का, बघून या.