तपासलेली बाई

फाटकावरच्या रादामेसनं ताप मोजायचं यंत्र पिस्तुलासारखं नेरेइदाच्या कपाळावर रोखलं. आकडा बघितला, यंत्र मांडीवर आपटलं आणि परत बघितला.

"कोमाद्रे," तो मास्कमधून कुजबुजला, "ह्याच्या हिशेबानं तू गेलीयस."

"कुठं?"

"वर. एकोणतीस आलंय. इतक्या गार कपाळाचा मुका मी फक्त आज्याला शवपेटीत ठेवताना घेतला होता."

हॉटेलच्या मागच्या फाटकाशी उभी असलेली कामगारांची रांग हसली. पण लगेच गप्प झाली. मास्कमधलं हसणं खोकल्यासारखं ऐकू येतं. आणि स्वयंपाकघरातल्या योकास्ताला आत्ताच, ताप साडेसदतीसच्या वर गेला म्हणून, घरी पाठवलं होतं. घरी म्हणजे दोन आठवडे, बिनपगारी. याआधी जे घरी गेले, त्यांतल्या कुणालाच परत बोलावणं आलं नव्हतं.

नेरेइदाला ताप नव्हता. तिची पाळी जायच्या बेतात होती, आणि जाता जाता दिवसातून चारदा अंगाची भट्टी करत होती. कधी पेटेल त्याचा नेम नाही. म्हणून पुएर्तो प्लाताच्या बसमध्ये ती डोक्याच्या रुमालाखाली, कपाळावर, तुरीच्या ओल्या दाण्यांची पिशवी बांधून बसली होती. दाणे बर्फात ठेवून दगड झालेले. फाटक दिसल्यावर तिनं पिशवी काढली. जरा उशिराच काढली.

रादामेसनं तिला तसंच सोडलं असतं. त्याच्या पोरीची ती धर्ममाता, म्हणून तर कोमाद्रे. पण डोक्यावर कॅमेरा होता. त्यानं बाल्कासेर साहेबांना बोलावलं.

उपव्यवस्थापक बाल्कासेर साहेब आले. तोंडापुढचा प्लास्टिकचा पडदा वाफेनं पांढरा झालेला, त्यामुळे आधी ते चुकून रांगेतल्या माळ्याशीच बोलले. मग वळले.

"साडेसदतीसच्या वर गेलं तर घरी," ते म्हणाले. "इतकं खाली गेलं तर काय, ते वरून कळवलेलं नाही."

"म्हणजे साहेब, मेलेलं माणूस आत घ्यायचं?"

साहेबांनी विचार केला. "मेलेलं माणूस खोकत नाही," ते म्हणाले. "पण उद्या कुणी विचारलं तर? परत बघ."

आणि नेमकी तेव्हाच नेरेइदाच्या छातीत भट्टी पेटली. आग गळ्यात आली, कानात आली, हनुवटीवरून वर सरकायला लागली.

"बघ रे लवकर," ती म्हणाली. "इथं उभ्या उभ्या जिवंत होईन मी."

रादामेसनं यंत्र रोखलं. आग भुवयांपर्यंत पोचली होती. वरचं कपाळ अजून बर्फ.

"साडेछत्तीस!" तो ओरडला. "उठली, साहेब! कबरीतून उठली!"

रांगेनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी भलत्याच दिशेला बघत अंगठा वर केला. नेरेइदा आत पळाली, चादरींच्या खोलीत दार लावून कपाटाला टेकली आणि देवमातेचं नाव घेत तिथंच घामानं भिजून निघाली. आजचा दिवस वाचला होता.

पुढच्या दारानं पाहुणे येत होते. तिथं यंत्र नव्हतं. तिथं तोंड पुसायला अत्तराचा गार टॉवेल होता आणि पपईचा रस.

साफ करायची तिची पहिलीच खोली, दुसऱ्या मजल्याच्या टोकाची. पाहुण्या बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. गाल लाल, नाक लाल, पांघरुणावर चुरगळलेल्या कागदी रुमालांचा ढीग. नेरेइदा दिसताच त्यांनी हात वर केला.

"थांब! तिथंच थांब. तुम्हा लोकांना तपासतात ना रोज? राग नको मानू हं, आम्हाला फार भीती वाटते."

"तपासतात, बाईसाहेब. आज तर दोनदा तपासलं."

"मग बरं," बाई म्हणाल्या. टॉवेलमध्ये तोंड खुपसून त्या पोटापासून खोकल्या, दम लागेपर्यंत खोकल्या, आणि मग हात लांब करून तो टॉवेल त्यांनी नेरेइदापुढं धरला.